पुळणीवर ११×५, सड्यावर १०×६ : ‘४६’च्या इंजिनासाठी प्रोपेलर निवडताना

रेडिओने उडवायच्या मॉडेल विमानाच्या नव्या इंजिनासोबत आलेल्या पत्रकात प्रोपेलरचे तीन-चार आकार दिलेले असतात आणि नवशिक्याची अडचण नेमकी तिथूनच सुरू होते, कारण त्यांपैकी कोणता आकार आपल्या विमानाला आणि आपल्या मैदानाला लागू पडेल हे त्या पत्रकात लिहिलेले नसते. इंजिनाला पेलतील असे आकार कोणते, एवढेच पत्रक सांगते. त्यांतून एक उचलण्याचे काम विमानाच्या बांधणीवर आणि उड्डाणाच्या जागेवर सोडावे लागते. कोकण किनाऱ्यावर तर, पुळण (वाळूचा किनारा) असो की सडा (जांभ्याचे कातळपठार), जागेचा वाटा इतका मोठा आहे की, माझ्या मते, आधी जमीन पाहावी, मग विमान पाहावे आणि शेवटी पत्रक उघडावे.

हा आढावा ज्यांच्याकडे ०.४६ घनइंचाचे, म्हणजे सुमारे साडेसात सीसीचे, टू-स्ट्रोक ग्लो इंजिन आहे आणि ते अडीच किलोच्या आसपासच्या, वरच्या पंखाच्या, तीनचाकी ट्रेनरला, म्हणजे शिकाऊ विमानाला, लावायचे आहे त्यांच्यासाठी आहे. खरी निवड १०×६ आणि ११×५ यांच्यातच होते. ११×६ आणि १०×७ हे पुढच्या पायरीचे उमेदवार आहेत. ९×७ आणि १२×४ ही दोन टोके केवळ फरक स्पष्ट व्हावा म्हणून सोबत घेतली आहेत. या आकारांत पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा असतो, आणि दोन्ही इंचांत असतात. पिच म्हणजे पाते हवेत अजिबात न घसरता स्क्रूसारखे पुढे गेले असते, तर एका फेऱ्यात कापलेले अंतर.

व्यासाचा इंच आणि पिचचा इंच सारखे नाहीत

हौशी मंडळींत एक ठोकताळा रूढ आहे : व्यास एक इंच वाढवला की पिच एक इंच कमी करावा, म्हणजे इंजिनावरचा भार तेवढाच राहतो. त्या हिशेबाने ९×७, १०×६, ११×५ आणि १२×४ हे चारही प्रोपेलर इंजिनाला सारखेच वाटायला हवेत. प्रत्यक्षात तसे होत नाही. प्रोपेलर फिरवायला लागणारी शक्ती ढोबळमानाने पिचच्या पटीत, व्यासाच्या चौथ्या घाताच्या पटीत आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताच्या पटीत वाढते. चौथा घात ही किरकोळ बाब नव्हे. दहाचा चौथा घात १०,००० आहे, तर अकराचा १४,६४१. म्हणजे पिच तसाच ठेवून व्यास एका इंचाने वाढवला, तर भार जवळजवळ दीडपट होतो. या आकाराच्या प्रोपेलरमध्ये व्यासाच्या एका इंचाची भरपाई करण्यासाठी पिच एक नव्हे, तर सुमारे दोन इंचांनी उतरवावा लागतो. १०×६ ची भाराने खरी जोडी ११×५ शी नसून ११×४ शी जुळते.

एखादे इंजिन १०×६ वर जमिनीवर १२,००० फेरे देत असेल, तर त्याच शक्तीवर बाकीच्यांचे काय होईल, हे या सूत्रावरून काढलेल्या पुढील आकड्यांत दिसते. शेवटच्या स्तंभातला पिचवेग म्हणजे पिच आणि फेरे यांचा गुणाकार करून ताशी किलोमीटरमध्ये मांडलेला वेग.

| प्रोपेलर | भार (१०×६ = १००) | अंदाजे फेरे, दर मिनिटाला | पिचवेग, ताशी किमी |
|---|---|---|---|
| ९×७ | ७७ | १३,१०० | १४० |
| १०×६ | १०० | १२,००० | ११० |
| १०×७ | ११७ | ११,४०० | १२२ |
| ११×५ | १२२ | ११,२०० | ८५ |
| १२×४ | १३८ | १०,८०० | ६६ |
| ११×६ | १४६ | १०,६०० | ९७ |

हे आकडे तुलनेपुरते आहेत. या वर्गातल्या इंजिनांची कॅटलॉगमधली अश्वशक्ती १६,०००च्या आसपासच्या फेऱ्यांवर मोजलेली असते, त्यामुळे भार वाढून फेरे उतरले की इंजिनाची उपलब्ध शक्तीही थोडी उतरते आणि जड प्रोपेलरवर प्रत्यक्ष फेरे तक्त्यापेक्षा जरा कमीच भरतात. शिवाय पात्याची रुंदी आणि जाडी कंपनीगणिक बदलते, म्हणून एका कंपनीचा १०×६ दुसऱ्या कंपनीच्या १०×६ पेक्षा काही शे फेरे कमी-जास्त देऊ शकतो.

तक्त्यात जे दिसत नाही ते म्हणजे ओढ. विमान उभे असताना किंवा हळू धावत असताना मोठा व्यास आणि उथळ पिच हवेचा मोठा झोत सावकाश मागे ढकलतात आणि त्यातून जास्त ओढ मिळते. पिचला व्यासाने भागून येणारे गुणोत्तर ११×५ चे ०.४५ आहे, १०×६ चे ०.६, १०×७ चे ०.७ आणि ९×७ चे जवळजवळ ०.७८. हे गुणोत्तर जसजसे वाढते तसतसे उभ्या विमानात पात्याचा बराचसा भाग हवेला फार तिरका भिडतो आणि स्टॉल झालेल्या, म्हणजे हवेवरची पकड सुटलेल्या, पंखासारखा नुसता हवा घुसळत राहतो. विमानाने वेग घेतल्यावर ते पाते पकड घेते, पण तोवर निम्मी धावपट्टी संपलेली असते.

पुळण : धावपट्टी मोफत मिळते, पण वारा आडवा

गुहागर, आंजर्ले, भाट्ये, तारकर्ली अशा पुळणी पाहिल्या की वाटते, यापेक्षा चांगली धावपट्टी कुठे मिळणार. ओहोटीनंतरची ओली, दाबून बसलेली वाळू खरोखरच चांगली असते. पण तो पट्टा अरुंद असतो. त्याच्या वरच्या बाजूला कोरडी भुसभुशीत वाळू असते, त्यापलीकडे बहुतेक ठिकाणी सुरूचे बन असते आणि खालच्या बाजूला समुद्र. ट्रेनरचे पुढचे चाक ओल्या पट्ट्यावरून हातभर वर सरकून कोरड्या वाळूत शिरले, की ते आधी नांगरासारखे रुतते, मागची चाके ढकलत राहतात, नाक खाली जाते आणि प्रोपेलर वाळूत चरे पाडू लागतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. म्हणून पुळणीवर पहिली मागणी एकच असते : विमानाने लवकरात लवकर चाके उचलावीत.

वारा इथे मदत करील असे वाटते, पण आपल्या किनाऱ्याची ठेवण आडवी येते. किनारा ढोबळमानाने दक्षिणोत्तर आहे आणि दुपारचे खारे वारे पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतात. पुळणीवर धाव घ्यायची ती किनाऱ्याला समांतरच. पश्चिमेचा वारा असेल तर तो पूर्ण आडवा बसतो. ताशी २० किलोमीटरचा वायव्येचा वारा असला आणि उत्तरेकडे तोंड करून धाव घेतली, तर समोरून मिळतात सुमारे १४ आणि आडवे बसतातही तेवढेच. समोरच्या वाऱ्याने धाव जेवढी आखूड होईल असे गृहीत धरलेले असते, तेवढी ती होत नाही, आणि आडव्या वाऱ्यात विमान जमिनीवर जितका वेळ राहील तितका धोका वाढत जातो. इथे उभ्या ओढीला महत्त्व येते आणि ११×५ निर्विवाद पुढे जातो. वाळूचा अडथळा तोडून विमान धावू लागण्याच्या पहिल्या काही मीटरांतच १०×६ शी त्याचा फरक जाणवतो.

प्रोपेलर मोठा झाल्याचा एक तोटाही इथेच ध्यानात घ्यावा. मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर जमिनीवरच्या धावेत विमानाचे नाक डावीकडे ओढतो आणि भार वाढला की ही ओढही वाढते. उत्तरेकडे धाव घेताना समुद्र डाव्या हाताला असतो, समुद्रावरून येणारा वारा विमानाची शेपटी उजवीकडे ढकलून नाक डावीकडे, म्हणजे पाण्याकडे, वळवतो, आणि प्रोपेलरची ओढही त्याच दिशेला असते. दोन्ही एकत्र आले की उजवे रडर आधीपासून हातात तयार ठेवावे लागते. वारा सरळ पश्चिमेचा असेल तर दक्षिणेकडे धाव घ्यावी. तेव्हा वारा नाक उजवीकडे ओढतो, प्रोपेलर डावीकडे ओढतो आणि दोघे एकमेकांना बरेचसे खोडतात.

उतरण्याच्या बाबतीतही उथळ पिचचा फायदा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आयडलला इंजिन २,५०० फेऱ्यांवर असेल, तर सहा इंच पिचचा पिचवेग ताशी सुमारे २३ किलोमीटर भरतो, पाच इंचाचा १९ आणि सात इंचाचा जवळजवळ २७. ट्रेनर ताशी ४०-४५ च्या वेगाने उतरायला येतो, म्हणजे आयडलवरचा प्रोपेलर त्याला ओढत नसतो, उलट हवेत ब्रेकसारखा काम करत असतो. व्यास मोठा आणि पिच उथळ असेल तर हा ब्रेक अधिक चांगला लागतो. एका टोकाला सुरूची झाडे आणि दुसऱ्या टोकाला खाडीचे तोंड असलेल्या पुळणीवर विमान तरंगत पुढे पुढे जाण्यापेक्षा थोडे उभे खाली येणे केव्हाही परवडते.

मग १२×४ का नको, असा प्रश्न येईल. एक कारण पिचवेगाचे आहे. ताशी ६६ चा पिचवेग म्हणजे सरळ उड्डाणात विमान त्याहूनही कमी वेगाने जाणार, आणि समोरून २५ चा वारा आला की ते जागच्या जागी तरंगल्यासारखे दिसते. एरवी हे मजेशीर वाटते, पण विमान वाऱ्याबरोबर बनाच्या मागे गेले तर परत आणताना घाम फुटतो. दुसरे कारण जमिनीपासूनच्या अंतराचे. दहा इंचांच्या प्रोपेलरची त्रिज्या १२.७ सेंटिमीटर, अकराची सुमारे १४ आणि बाराची सव्वापंधरा. ट्रेनरच्या नाकाखाली प्रोपेलरच्या टोकापासून जमिनीपर्यंत मुळातच चार-पाच सेंटिमीटर जागा असते, आणि वाळूत चाके सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुततातच. दहावरून अकरावर जाताना सव्वा सेंटिमीटर जातो. पुढचे चाक मोठे घालून तो बराचसा परत मिळवता येतो. बारावर जाताना मात्र उसने आणायलाही काही उरत नाही.

भरती-ओहोटीचा हिशेबही प्रोपेलरच्या निवडीत येतो, कारण वाळू आणि वारा या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रत्नागिरीच्या आसपास भरती दुपारच्या सुमारास येते आणि ओहोटी पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी लागते. त्या दिवसांत सकाळी पुळण रुंद आणि कडक उघडी पडलेली असते, खारे वारे अजून सुरू झालेले नसतात आणि असलाच तर जमिनीकडून येणारा हलका मतलई असतो. अशा सकाळी १०×६ सुद्धा पुळणीवर सुखाने चालतो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ओहोटी दुपारकडे सरकते, पाणी फार ओसरत नाही, पट्टा अरुंद राहतो आणि वारा ऐन भरात असतो. तेव्हा ११×५ लावावा, किंवा सड्याकडे जावे.

सडा : जागा ऐसपैस, जमीन निर्दय

रत्नागिरी, राजापूर, देवगडकडचे जांभ्याचे सडे दिवाळीनंतर गवत कापले गेले की मोकळे होतात. तिथे धाव वाऱ्याच्या दिशेने वळवता येते आणि पुळणीपेक्षा सड्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. पश्चिमेचा २० चा वारा पूर्णपणे समोरून घेता आला, तर ताशी ३५-४० ला हवेत राहणारा ट्रेनर जमिनीशी जेमतेम पंधरा-वीसच्या वेगाने धावतानाच चाके उचलतो. इथे जादा उभ्या ओढीची गरज उरत नाही. इथे १०×६ निवडावा. इंजिन मोकळे फिरते, तापत कमी, जमिनीपासून अंतर जास्त राहते आणि ताशी ११०चा पिचवेग हाताशी असल्याने वाऱ्याविरुद्ध परतताना थोडी राखीव ताकद उरते. अंतराचा मुद्दा सड्यावर पुळणीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण कातळाला खळगे असतात आणि जांभ्याची सुटी खडी प्रोपेलरच्या झोताने उडून पात्यावर आपटते.

सडा निवडताना एक गोष्ट पाहावी. रत्नागिरी-राजापूर भागातल्या अनेक सड्यांवर कातळशिल्पे आहेत. अशा जागेवर धावपट्टी आखू नये आणि गाड्याही नेऊ नयेत. तसेच रत्नागिरी आणि चिपी या विमानतळांच्या परिसरात उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते पाहून घ्यावे.

वाऱ्यासाठी जास्त पिच, हा समज

किनाऱ्यावर नेहमी ऐकू येणारा सल्ला असा : वारा फार असतो, तेव्हा पिच वाढवा, १०×७ लावा. जलद विमानाला हा सल्ला लागू पडतो, ट्रेनरला नाही. जाड पंख, उघडी चाके आणि रुंद धड यांच्या हवारोधामुळे ट्रेनर तसाही ताशी ८०-९० च्या वर सहज जात नाही. पिचवेग ११० वरून १२२ वर नेला, म्हणून विमान तेवढे जलद होत नाही, कारण त्याला अडवणारी गोष्ट पिच नसून त्याचे स्वतःचे रूप आहे. मात्र किंमत पूर्ण मोजावी लागते : जमिनीवरची ओढ घटते, चढ मंदावतो आणि आयडलवर विमान उतरताना तरंगत राहते. ११×५ चा ८५ हा पिचवेग कागदावर तोकडा दिसतो. पण हवेत गेल्यावर भार हलका होऊन फेरे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे प्रत्यक्ष पिचवेग ९३-९४ पर्यंत जातो. ट्रेनरला त्याहून अधिक नको असते. समोर २५ चा वारा असला तरी जमिनीच्या संदर्भात विमान पन्नासच्या आसपास पुढे येत राहते.

१०×७ ला खरा अर्थ येतो तो खालच्या पंखाच्या, बारीक अंगाच्या स्पोर्ट विमानावर, आणि तेही सड्यावर. ९×७ तर रेसरांचा प्रोपेलर आहे, ट्रेनरला लावल्यास आवाज तेवढा वाढेल.

११×६ कोणासाठी

११×६ दोन गोष्टी एकाच वेळी देऊ पाहतो : ११ इंचांची ओढ आणि ९७ चा पिचवेग. पण त्याचा भार १०×६ च्या जवळजवळ दीडपट आहे. बॉलबेअरिंगचे, दमदार, पूर्ण रुळलेले ४६चे इंजिन असेल आणि विमान तीन किलोच्या आसपास असेल, तर हा प्रोपेलर उत्तम. साध्या बुशिंगच्या इंजिनावर किंवा नव्या इंजिनावर मी तो लावणार नाही. इंजिनाला भार पेलत नाही याची खूण सोपी आहे. पूर्ण थ्रॉटल देऊन विमानाचे नाक आभाळाकडे धरावे आणि वीस-तीस सेकंद कान देऊन ऐकावे. आवाज आधी चढून मग हळूहळू बसू लागला, तर इंजिन तापते आहे. नीडल (इंधनाचे प्रमाण कमी-जास्त करणारा स्क्रू) जरा उघडून पाहावी आणि तरीही बसत असेल, तर प्रोपेलर मोठा आहे असे समजावे. माझा ठोकताळा असा की जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला ४६चे टू-स्ट्रोक १०,५०० च्या खाली जाऊ नये आणि ट्रेनरवर १३,००० च्या वर नेण्यातही काही अर्थ नाही.

इंधनाचा यात मोठा वाटा आहे. आपल्याकडे नायट्रोमिथेन सहज मिळत नाही, म्हणून बरेच जण ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल किंवा सिंथेटिक तेल असे साधे मिश्रण वापरतात. अशा इंधनावर इंजिन नायट्रोच्या इंधनापेक्षा कमी शक्ती देते, आणि परदेशी पत्रकातले आकार बऱ्याचदा नायट्रो गृहीत धरून दिलेले असतात. साध्या इंधनावर पत्रकातल्या यादीचे हलके टोक धरावे. त्यात मिथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि किनाऱ्यावर ओलावा मागायलाच नको. अर्धा रिकामा कॅन बूच सैल ठेवून आठवडाभर पडला, की तेच इंजिन त्याच प्रोपेलरवर ढेपाळते आणि दोष मात्र प्रोपेलरला दिला जातो.

उकाड्यात टॅकोमीटर खरे बोलतो, पण पूर्ण नाही

मे महिन्यात दुपारी ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के दमट हवा असेल, तर समुद्रसपाटीवर हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.१४ किलो भरते. प्रमाणित हवेची १.२२५ असते, म्हणजे साधारण सात टक्के घट. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते हे सर्वांना ठाऊक असते. पण प्रोपेलरलाही तेवढीच विरळ हवा कापायची असते, त्यामुळे त्याचा भारही जवळपास त्याच प्रमाणात घटतो. परिणामी टॅकोमीटरवरचे फेरे जानेवारीतल्या सकाळइतकेच दिसू शकतात आणि ओढ मात्र सात टक्क्यांच्या आसपास कमी असते. ‘फेरे तर बरोबर आहेत, मग विमान उठत का नाही’ या प्रश्नाचे उत्तर यात आहे. अशा दुपारी पुळणीवर ११×५ चा वाढीव व्यास अधिकच कामाला येतो.

याच कारणाने पुण्याहून येणाऱ्यांना किनाऱ्यावर आपले विमान अंगात आल्यासारखे वाटते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथली हवा तेवढ्याच तापमानाला किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. घाटावर मोठ्या व्यासाने भागवलेली गरज इथे १०×६ वर भागू शकते, अर्थात वाळू आडवी आली नाही तर. खाली उतरल्यावर नीडल पुन्हा लावावीच लागते.

लाकूड की नायलॉन

आकार ठरला की पुढचा प्रश्न द्रव्याचा, आणि इथेही पुळण आणि सडा यांची उत्तरे वेगळी येतात. पुळणीवर उडणारी वाळू पात्याची पुढची धार खाते. बीचच्या लाकडाच्या प्रोपेलरवर काही उड्डाणांनंतर नख फिरवले तर टोकाकडच्या दीड-दोन इंचांत धार खरखरीत लागते, वार्निश गेलेले असते आणि उघड्या लाकडात ओलावा शिरायला वाट मिळते. ओलावा दोन्ही पात्यांत सारखा शिरत नाही, म्हणून तोल बिघडतो. काचतंतू मिसळलेले नायलॉन, म्हणजे मास्टर एअरस्क्रूसारखे किंवा एपीसीसारखे प्रोपेलर, वाळूत जास्त टिकतात. एपीसीची मागची धार नव्यावर सुरीसारखी असते. ती बारीक पॉलिश पेपरने किंचित मोडून घ्यावी, नाहीतर बोटे कापतात.

सड्यावर मात्र मी लाकडाच्या बाजूने आहे. नाक आपटले की लाकडी पाते पटकन मोडते आणि धक्का तिथेच संपतो. चिवट प्रोपेलर कातळावर आपटला, तर तो धक्का क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचू शकतो. लाकडी प्रोपेलर स्वस्तही पडतो. त्याचा हब, म्हणजे मधला जाड भाग, ओलाव्याने फुगतो आणि कोरड्या दिवसांत आकसतो, त्यामुळे उड्डाणाच्या दिवशी सकाळी नट पान्याने तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या लाकडी प्रोपेलरचा तोल श्रावणानंतर पुन्हा पाहावा.

दोन्ही प्रकारांत चीर पडलेला किंवा खाच पडलेला प्रोपेलर चिकटवून वापरू नये. १२,००० फेऱ्यांवर दहा इंची प्रोपेलरचे टोक सेकंदाला सुमारे १६० मीटर वेगाने जात असते. त्याच कारणाने इलेक्ट्रिक विमानांचे ‘स्लो फ्लायर’ प्रोपेलर ग्लो इंजिनावर कधीही लावू नयेत, आकार तोच असला तरी. एपीसीने आपल्या स्लो फ्लायरसाठी दिलेली मर्यादा ६५,००० भागिले व्यास अशी आहे, म्हणजे अकरा इंचाला ५,९०० च्या आसपास. ग्लो इंजिनाच्या प्रोपेलरसाठी हाच आकडा १,९०,००० भागिले व्यास, म्हणजे १७,००० च्या वर. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात आणि नवशिक्याच्या नजरेला सारखेच दिसतात.

इतर इंजिनांबद्दल थोडक्यात

०.५२ चे फोर-स्ट्रोक त्याच विमानाला लावले, तर ते कमी फेऱ्यांवर मोठा प्रोपेलर फिरवते. ११×७ किंवा १२×६ पासून सुरुवात करावी आणि पुळणीसाठी लॅंडिंग गिअर उंच असल्याची खात्री करावी. इलेक्ट्रिक मोटरचे गणितच निराळे आहे. जास्त भार पडला की इंजिन मंदावते, मोटर मात्र फेरे टिकवण्यासाठी जास्त करंट खेचते, आणि चुकीच्या प्रोपेलरची किंमत ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) किंवा बॅटरी मोजते. तिथे टॅकोमीटरपेक्षा वॉटमीटर आधी घ्यावा.

खरेदी आणि पहिली चाचणी

नवे इंजिन रुळवताना कोणत्याही जमिनीवर १०×६ च लावावा. एबीसी (ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी लायनर) प्रकारच्या इंजिनाला अति श्रीमंत, म्हणजे इंधन जास्त असलेल्या, मिश्रणावर थंड-थंड चालवणे मानवत नाही, त्याला मोकळे फेरे आणि थोडी ऊब लागते, आणि जड प्रोपेलरवर ते जमत नाही. त्यानंतर बहुतांश उड्डाण पुळणीवर होणार असेल तर ११×५ नायलॉनचे तीन घ्यावेत, कारण सुटा प्रोपेलर मुंबई-पुण्याहून कुरिअरने येईपर्यंत ओहोटीची वेळ आणि सुट्टी दोन्ही निघून जातात. सड्यावर उडवणाऱ्याने १०×६ लाकडी तीन आणि एक ११×५ जवळ ठेवावा. दोन्हीकडे जाणाऱ्याने प्रत्येकी दोन घ्यावेत आणि प्रोपेलर बदलला की नीडल पुन्हा लावण्याची सवय ठेवावी.

चाचणी अशी घ्यावी. विमान मागून एकाने घट्ट धरावे, इंजिन तापू द्यावे, पूर्ण थ्रॉटलला प्रोपेलरच्या मागे उभे राहून नीडल फेरे सर्वोच्च होईपर्यंत बंद करत न्यावी आणि मग २०० ते ३०० फेरे उतरतील एवढी उघडावी. तो आकडा, तारीख आणि इंधन यांची नोंद त्या प्रोपेलरच्या हबवर बारीक मार्करने करावी. पुढच्या खेपेला त्याच प्रोपेलरवर पाचशे फेरे कमी आले, तर प्रोपेलर बदलण्याआधी ग्लो प्लग, इंधनाचा कॅन आणि पात्याची धार या तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.